दोन की तीन, हे कोणी ठरवायचे?



मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधीची गोष्ट आहे. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपण सगळे बाहेर कडुलिंबाखाली थांबतो, तिथे एक ताई माझ्याजवळ आल्या. त्यांचे नाव आणि गाव सांगत नाही. म्हणाल्या, "सर, आमच्या वार्डात यंदा बाईची जागा सुटली. बचत गटाच्या साऱ्या जणी म्हणायल्यात, तूच हुभी राहा. पण माझं पोरगं पाच सालचं, दोन लेकींवर झालेलं. दीर म्हणायलेत, दुसरीचं नाव तिच्या मामाच्या रेशनकार्डात घालू. तुम्ही शाळेत होता, दाखल्याचं कसं करावं तेवढं सांगा."

मी नाही म्हणालो. दाखल्यावर बापाचे नाव बदलणे गुन्हा आहे, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. ती दुसरी मुलगी त्यांच्या मागेच उभी होती, बारावीत शिकणारी. तिने सगळे ऐकले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. म्हणून फादरांनी अभ्यासलेख लिहायला सांगितला तेव्हा मी हाच विषय घेतला.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांना तो अर्ज भरण्याच्या दिवशीच कळतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे ज्या व्यक्तीच्या मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त होते, तिला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांपैकी कोणतीही निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर तिसरे मूल झाले तर पद जाते. सरकारी नोकरीसाठीही अशीच अट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम २००५ साली झाले आणि २८ मार्च २००६ नंतरच्या तिसऱ्या अपत्यापासून ते लागू होतात. आमदार किंवा खासदार होण्यासाठी मात्र अशी कोणतीही अट नाही. सरपंचाला दोनच मुले हवीत, मंत्र्याला कितीही चालतात! लोकसंख्येची काळजी गावच्या पारावरच करायची आणि विधानसभेत करायची नाही, यामागचा विचार मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही.

हरियाणातील अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते. जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात ३० जुलै २००३ रोजी न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे २०१८ मध्ये ओडिशातील एका प्रकरणात, तिसरे मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असाही निर्णय झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. घरात मात्र तो मिटत नाही. मध्य प्रदेशच्या मुख्य सचिव राहिलेल्या निर्मला बुच यांनी पाच राज्यांतील गावांत फिरून या कायद्याचे परिणाम तपासले. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता, पण त्यांना जे आढळले ते वाचताना आपलेच गाव डोळ्यांसमोर येते. पद वाचवण्यासाठी नवऱ्याने बायकोला सोडले, मूल आपले नाहीच असे सांगितले, लेकरू दुसऱ्याला देऊन टाकले, मुलगी असल्याचे कळताच गर्भ पाडला. निर्णय बहुतेक वेळा पुरुषाचा किंवा सासूचा, आणि किंमत मोजली ती बाईने. त्यानंतर मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश आणि हरियाणा या राज्यांनी ही अट काढून टाकली. महाराष्ट्राने ठेवली.

अर्थात सरकारने मोजमाप हातात घेण्याची ही पहिली वेळ नाही. त्या पहिल्या वेळी मी सरकारच्या बाजूने होतो, हे आधी कबूल करतो.

१९७६ साल. लातूर हा तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबादचा (आताचे धाराशिव) एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. मी बावीस वर्षांचा, एका खेड्यात नवा शिक्षक. देशात आणीबाणी होती. त्या वर्षी घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंबनियोजन हा विषय समवर्ती सूचीत गेला. राज्याचे मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. जायकवाडी आणि विष्णुपुरीच्या पाण्यासाठी मराठवाडा त्यांचा ऋणी आहे आणि राहील. पण त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्र विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले, की तीन मुले झाल्यावर पती किंवा पत्नीची नसबंदी सक्तीची. देशातील कोणत्याही राज्याने तोवर असे विधेयक मंजूर केले नव्हते. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही आणि १९७७ मध्ये सरकारच बदलले, म्हणून तो कायदा झाला नाही.

कायदा झाला नाही तरी काम चालू होतेच. जानेवारी १९७६ मध्ये, आपल्या लातूरपासून फार दूर नसलेल्या बार्शीत दहा दिवसांची मोहीम झाली आणि बाजारासाठी शहरात आलेल्या खेडुतांना नगरपालिकेच्या गाड्यांत ओढून शस्त्रक्रियेसाठी नेले गेले. आम्हा शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगितले होते. तोंडी निरोप असे, पण पगाराची आठवण करून देऊन. मी एक केस नेली. गावातल्या पाटलांकडे सालगडी असलेला एक मनुष्य, तीन लेकरांचा बाप. त्याला मी पैसे मिळतील असे सांगितले, रजा मिळेल असे सांगितले, आणि पाटलांनी सांगितले की जा. त्याला 'नाही' म्हणण्याची जागाच आम्ही ठेवली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात हगवणीच्या साथीत त्याचे धाकटे लेकरू गेले. तो मला कधी काही बोलला नाही. रस्त्यात भेटला की पूर्वीसारखाच रामराम करायचा.

१९७६-७७ या एका वर्षात देशभरात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचा हिशेब केला. त्यातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो विचित्र होता. सक्ती वाईट, असे ते शिकले नाहीत. पुरुषाला हात लावायचा नाही, एवढेच शिकले. तेव्हापासून सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शंभरात एक एवढेही नाही. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शिबिरात रांगेने झोपवलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचे नवरे बाहेर मोटारसायकलवर बसून वाट पाहत असतात.

आता प्रश्न असा, की एवढ्या खटाटोपाने जन्मदर खाली आला का? जन्मदर खाली आला आहे, यात शंका नाही. एक स्त्री आयुष्यात सरासरी किती मुलांना जन्म देते, या आकड्याला एकूण जननदर म्हणतात. आईबापांची जागा मुलांनी भरून काढायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. दोन आईबापांचे दोन, आणि वरचा थोडा भाग अकाली जाणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या पाहणीत हा दर २.८६ होता. १९९८-९९ मध्ये २.५२ झाला, २००५-०६ मध्ये २.११, २०१५-१६ मध्ये १.८७ आणि २०१९-२१ मध्ये १.७१. संपूर्ण भारताचा दर त्या शेवटच्या पाहणीत २.० होता. हे आकडे सावकाश वाचावेत. दोन अपत्यांची अट लागू झाली २००१ मध्ये. घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि साधारण त्याच चालीने पुढे चालू राहिली. ज्यांनी ती अट कधी लावलीच नाही त्या केरळमध्येही दर असाच, किंबहुना आधी खाली आला. म्हणजे गाडी उताराला लागलेली होतीच, कायद्याने मागून धक्का दिला आणि श्रेय घेतले.

मग हे कशामुळे झाले? माझ्या मते पहिले कारण तेच, जे त्या सालगड्याच्या घरात घडले. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती, आठांत एक. घरातले म्हातारे माणूस 'दोन तरी हाताशी राहावीत' म्हणून चार मागत असे. तो अडाणीपणा नव्हता. तो हिशेब होता. २०२० मध्ये हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. बाळे जगू लागली तेव्हा आईबापांनी आपणहून कमी मुले होऊ दिली. लसीकरण, घरोघरी जाणाऱ्या आशाताई, मीठ-साखरेचे पाणी, दवाखान्यातली बाळंतपणे यांनी जे केले ते शिबिरांना जमले नाही.

दुसरे कारण मुलींची शाळा. आणि तिसरे आपल्या लातूरचेच आहे. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार इथली कुटुंबे मुलाला अकरावीला लातूरला ठेवतात, तेव्हा खोलीचे भाडे, डबा, क्लासची फी यांचा हिशेब बाप कागदावर मांडतो. 'लातूर पॅटर्न' म्हणून आपण अभिमानाने सांगतो, पण या पॅटर्नमध्ये दोघांना डॉक्टर-इंजिनिअर करायचे तर तिसऱ्याला जागा नाही, हे कोणत्याही कायद्याशिवाय लोकांना कळले आहे. पन्नास वर्षांपूर्वी सहाव्या वर्षी गुरांमागे जाणारे लेकरू घराला हातभार लावत असे. आज तेच लेकरू बावीस वर्षांचे होईपर्यंत घराने त्याला पोसायचे असते. हे चांगले की वाईट, हा वेगळा विषय.

या बदलाची एक काळी बाजू आहे. कुटुंब लहान झाले, पण मुलगा हवाच ही हौस लहान झाली नाही. चार-पाच मुले होत तेव्हा त्यांत मुलगा येई; दोनच हवीत तेव्हा मुलीची जागा धोक्यात येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र १९८८ मध्ये देशातले पहिले राज्य ठरले. तरीही २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली राज्यात ८९४ होत्या, नांदेड जिल्ह्यात ९१०, लातूरमध्ये ८८९ आणि शेजारच्या बीडमध्ये ८०७. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेपेक्षा हे तिन्ही जिल्हे खाली आले होते. 'दोनच' अशी अट सरकारने वरून घातली, तेव्हा या घरांतल्या सासूच्या हातात आणखी एक कारण दिले, असे मला वाटते. बालविवाहाचेही तसेच. परभणी जिल्ह्यात २०१९-२१ च्या पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवणार? लग्न लावून टाकतात. जिथे खरोखर सरकारचा हात हवा आहे ती ही जागा.

इथे एका अफवेबद्दलही बोलले पाहिजे. नांदेडच्या बसस्थानकावर, सलूनमध्ये, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत 'त्यांची' संख्या वाढते आहे, अशी कुजबुज कायम असते. 'ते' कोण हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते. कधी मुसलमान, कधी आपणही. प्रत्यक्षात मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ झाला. हिंदूंचा ३.३ वरून १.९४ वर आला. ख्रिस्ती लोकांचा १.८८ आहे आणि बौद्धांचा सर्वांत कमी, १.३९. सगळे एकाच उतारावर आहेत, कोणी थोडे पुढे, कोणी थोडे मागे. घर गरीब आहे का, आई किती शिकली, दवाखाना किती जवळ आहे, यांवरून मुलांची संख्या जितकी सांगता येते तितकी धर्मावरून येत नाही. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी आपल्याच चर्चची स्नानसंस्काराची जुनी नोंदवही फादरांना विचारून पाहावी. एकेका आडनावापुढे पाच, सहा, सात नोंदी. अलीकडच्या पानांवर एक किंवा दोन. श्रद्धा तीच, कुटुंबेही तीच.

मग ख्रिस्तसभा याबाबत काय सांगते? पुष्कळांचा समज असा, की जितकी मुले होतील तितकी होऊ द्या, एवढेच चर्चचे म्हणणे आहे. तसे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की मुले किती हे पतिपत्नीने देवासमोर, सद्सद्विवेकबुद्धीने, आपली परिस्थिती, आधी जन्मलेल्या मुलांचे हित आणि समाजाचे हित पाहून ठरवायचे. हा निर्णय त्यांचा आहे, शासनाचा नाही. सहाव्या पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात असेही मान्य केले, की लोकसंख्या वेगाने वाढत असेल तर शासन लोकांना माहिती देऊ शकते, योग्य उपाय योजू शकते. मात्र कुटुंबाचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९६८ रोजी, 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक आले. त्यात कृत्रिम साधनांना विरोध आहे, तो आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच परिपत्रकात एक इशारा आहे, तो आपण क्वचितच वाचतो. ही साधने उद्या सत्तेच्या हाती गेली तर सरकार ती लोकांवर लादेल, अशी भीती त्यात व्यक्त केली होती. आठच वर्षांनी बार्शीत काय झाले ते वर आलेच आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०१५ मध्ये फिलिपाइन्सहून परतताना पत्रकारांना सांगितले होते, की चांगले कॅथलिक असणे म्हणजे सशांसारखी संतती वाढवणे नव्हे. जबाबदार पालकत्व हवे.

आपल्या समाजात या विषयावर वेगळे बोलणारेही थोर होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्यासाठी नोकरी गमावली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी मिळाव्यात असा ठराव आला आणि तो फेटाळला गेला. साधनांबाबत चर्चची शिकवण त्यांच्याहून वेगळी आहे. पण ते बाईसाठी मागत होते ती सोय. लादणूक ते मागत नव्हते. ती फार नंतर, दुसऱ्याच लोकांनी आणली.

एक गोष्ट आपसांत मोकळेपणाने बोलू. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी बहिणींची शस्त्रक्रिया झालेली आहे. कोणी शिबिराच्या दडपणाने केली, कोणी नवऱ्याच्या सांगण्यावरून, कोणी तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचल्यावर. त्यांपैकी काही जणी अपराधी वाटून प्रभुभोजनाला पुढे येत नाहीत, हे मला माझ्या पत्नीकडून कळले. त्यांचे नवरे मात्र दर रविवारी येतात. कुटुंबनियोजनाची शिकवण लग्नाच्या तयारीच्या वर्गात एका तासात उरकून, पुढची वीस वर्षे बाईला एकटीला सोडून द्यायचे, ही आपलीही चूक आहे. ती फक्त सरकारची नाही.

इकडे जगाचा वारा फिरला आहे. चीनने १९८० च्या सुमारास एकच मूल ही सक्ती आणली, २०१५ मध्ये ती सोडण्याचे जाहीर केले, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली. तरी २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली आहे. हुकमाने थांबवता आले, हुकमाने सुरू करता येत नाही. आपल्या देशातही आंध्र प्रदेशने १९९४ पासूनची दोन अपत्यांची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेलंगणाच्या मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये तसाच निर्णय घेतला. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या आपल्या कुटुंबांच्या सोयरिकी बोधन, निजामाबादपर्यंत आहेत. तिकडच्या बहिणीला तिसऱ्या लेकरासह सरपंच होण्याची वाट मोकळी होते आहे, इकडच्या बहिणीला ती नाही. ज्या राज्याचा दर १.७ वर आला, त्याने २००१ ची भीती अजून कायद्यात का जपावी, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्यासारखा आहे. भेटीला गेलात तर त्यांना स्वतःला किती मुले आहेत हेही सहज विचारावे.

त्या ताई निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. दाखला तसाच राहिला, मुलगी आपल्याच बापाच्या नावाने बारावी झाली आणि पुढे नर्सिंग शिकली. अलीकडे ती सरकारी भरतीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. सोबत लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन जोडायचे होते. तिचे लग्न झालेले नाही. हयात मुलांच्या रकान्यात तिने 'निरंक' लिहिले, सही केली आणि पेनाचे टोपण लावता लावता विचारले, "सर, हे लग्नानंतर पण धरतात का?"

धरतात, असे मी सांगितले.